चार बदामांची बोली

शालू,

काल पत्त्यांच्या ब्रिजमध्ये तू दोनदा ‘पास’ म्हटलं, तरी मी चार बदाम बोललो आणि तीन हात कमी पडले. घरी येऊन पुस्तक उघडलं. जोडीदार गप्प असला म्हणजे त्याच्याजवळ भारी पानं आहेत असं समजू नये, असं छापलं आहे. चाळीस वर्षांत हे मले कोणी सांगितलं नाही.

परवा सुगतनं आपल्याले कायमचं अकोल्याले बोलावलं, तेव्हाही तू गप्पच होती, आणि मी दोघांचं ‘येतो’ म्हणून टाकलं. आता त्याच्याकडेच चाललो. ब्रिजमध्ये बोली मागं घेता येत नाही. पोराजवळ येते का, पाहतो.

भाजी केली आहे. मीठ टाकल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी येतो. अमरावती सोडायची का नाही, यावर पहिली बोली तुझी. तू काय बोलशील, मले खरंच अंदाज नाही.

देवमन