कर्ण्याचा विनोद

प्रिय एमेट,

पत्र हाताने लिहिलंय म्हणून दचकू नकोस. माझी टायपिस्ट हल्ली रोज नवे हातमोजे घालून येते आणि ते तिला कोण घेऊन देतं हे मला अजून कळलेलं नाही. फोन केला असता, पण तुझ्या ऑफिसातली फोन जोडणारी ती गोड आवाजाची बाई मध्येच श्वास घेते, तो मला स्पष्ट ऐकू येतो. तू म्हणशील, या हॅटीला भिंतीचासुद्धा संशय येतो. येतो बाबा! विनोदी नटांची कामं बघणाऱ्या आणि त्यांची नावं पेपरात आणणाऱ्या बाईने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? तुझ्यावर एकदा ठेवला होता, टोप्यांच्या दुकानावरच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. मग तू वेंडेल प्रॉक्टरला घेऊन निघून गेलास, मी सॉली लिंडावरला घेऊन मागे राहिले आणि लग्नाचं बोलायचं राहूनच गेलं. असो. त्यासाठी शाई खर्च करत नाहीये.

सोमवारच्या जेवणाबद्दल लिहायचंय. रविवारी सॉलीचा कार्यक्रम, बुधवारी प्रॉक्टरचा, आणि रेडिओपुढे बसलेला अख्खा देश समजतो की हे दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत. आणि आपण दोघं दर सोमवारी दुपारी सातव्या ॲव्हेन्यूवरच्या डेलीत, त्या छोट्या खाणावळीत, मागच्या बाकावर पास्त्रामीचं मांस घातलेलं सँडविच खात त्यांच्या पुढच्या शिव्या वाटून घेतो. हे भांडण आपल्या दोघांचं लेकरू आहे, एमेट, दुसरं झालं नाही म्हणून असेल. आणि त्याचा नियम तू घातलेला: जे खरं असेल त्यावर विनोद करायचा नाही. टकल्याला कधी टकला म्हणायचं नाही, झुलपांवाल्याला खुशाल म्हणायचं. म्हणून तर दारूला न शिवणाऱ्या प्रॉक्टरला सॉली म्हणतो, “हा फक्त दूध पितो, पण आधी गाईला व्हिस्की पाजतो.” आणि सॉलीचे कान किती तिखट! पडद्यामागे कोणी कुजबुजलं तरी विंगेतून उत्तर देणारा माणूस. म्हणून प्रॉक्टरने त्याला ठार बहिरा करून टाकला. “सॉलीच्या घरी चोरी करायला जाताना चोर सोबत बँड नेतात.” लोकांनी टपालाने सॉलीला कानाला लावायचे कर्णे पाठवले, पितळी काय, कागदी काय, एका आजीबाईंनी तर लोकरीचा विणून पाठवला. त्या ढिगाऱ्यात बसलेल्या सॉलीचा फोटो मी छापून आणला आणि आपलं भांडण घराघरात पोचलं.

आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी तू बहिरेपणाचे सगळे विनोद बाजूला सारलेस. म्हणालास, “लोकांना कंटाळा आलाय, हॅटी.” आणि माझ्याकडे न बघता मोहरीची चटणी मागितलीस. डोंबलाचा कंटाळा! ज्या विनोदावर सगळ्यात मोठा हशा येतो तो आपल्या धंद्यात कोणी आपणहून टाकून देतं का? मी काकडीचं लोणचं चघळत राहिले, पण मनात पाल चुकचुकली. कारण असं एकदा मीही केलं होतं. प्रॉक्टरची बायको घर सोडून गेली तेव्हा, पेपरात यायच्या आधीच, ‘प्रॉक्टरची बायको दाराशी पेटी भरूनच ठेवते’ हा विनोद मी गुपचूप काढून टाकला होता. तू कारण विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आपल्या भांडणात विनोद मरतो तो एकाच कारणाने. तो खरा झालेला असतो.

म्हणजे तुला कळलं होतं. आता लपवून काय करू, सॉलीचे कान चाललेत. मलाही ते फार उशिरा समजलं. तो हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य बोलून टाकायला लागला, तेव्हा मला वाटलं, पितोय. मी त्याचा पाण्याचा पेला हुंगून पाहिला. मग वाटलं, कुठे तरी बाई आहे, म्हणून लक्ष नाही. शेवटी त्याच्या बायकोला, फ्रीडाला, कॉफी प्यायला बोलावलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, “माझ्या हातून काचेचं भांडं पडून फुटलं, मी किंचाळले, आणि हा आपला पेपर वाचतोय.” डॉक्टर म्हणे आतली नस सुकतेय, उपाय नाही. स्टुडिओत आता तो वादकांतल्या ऑगीकडे बघून बोलतो. हशा खाली आला की ऑगी ड्रमची काडी टेकवतो, की सॉली पुढचं वाक्य टाकतो. आणि हे मला ठाऊक आहे हे सॉलीला ठाऊक नाही बरं का! मला कळू नये म्हणून त्याने फ्रीडाला शपथ घातलीय. इतकी वर्षं त्याचे मोजेसुद्धा मी विकत आणले, आणि लपवायचं माझ्यापासून! वाईट वाटलं मला, खूप वाईट वाटलं.

मग तुला कोणी सांगितलं? आधी मी ऑगीला धरला. गोड बोलून पाय ​चेपावे तशी त्याची चौकशी केली, तर तो बिचारा उलट मलाच विनवायला लागला की कोणाला सांगू नका. मग फ्रीडावर डोळा ठेवला. मग तुझ्यावर, आणि एकदा तुझ्यावर संशय आला म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. सगळं जुळत होतं रे! सॉलीच्या कार्यक्रमाचे पैसे भरणाऱ्या सूप कंपनीचे ते मिस्टर बिक्सबी, त्यांचा पुढच्या हंगामाचा करार या महिनाअखेर व्हायचाय. रविवारची वेळ तुझ्या प्रॉक्टरला कधीपासून हवीय. मी ठरवून टाकलं की तू गोष्ट खिशात ठेवून बसलायस आणि सहीच्या आदल्या दिवशी बिक्सबींच्या कानात घालणार. सोमवारी तुझ्यासमोर बसून हसत होते ना, तेव्हा मनातल्या मनात तुला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो संशय फिटला मुलांच्या इस्पितळासाठी केलेल्या मदतीच्या खेळात. तू आजारी होतास, आला नाहीस. दोघं स्टेजवर एकमेकांना धुऊन काढत होते आणि मी विंगेत उभी होते. प्रॉक्टर आजवर कायम सॉलीच्या डाव्या अंगाला उभा राहायचा, त्याला आपली तीच बाजू देखणी वाटते. त्या दिवशी बोलता बोलता तो उजवीकडे आला, जो कान अजून थोडा शाबूत आहे त्याच्या बाजूला. आणि ऑगी नव्हता तिथे, तर हशा ओसरला की प्रॉक्टर स्वतःच कोटाच्या बटणाला बोट लावायचा. एकीकडे तोंडाने म्हणतोय, “याला कोणी तरी परत थिएटरच्या मागच्या गल्लीत सोडा रे,” आणि दुसरीकडे बोट बटणावर. सॉलीचं एक वाक्य चुकलं नाही. त्या दगडाला मी कंजूष आणि काळजाचा कोरडा समजत आले! मला तिथे, पडद्याला धरून, रडू आलं. म्हणजे तुझ्याआधी त्यालाच कळलं होतं, आणि तो विनोद प्रॉक्टरनेच काढायला लावला ना? आणि तू कारण न सांगता काढलास. बटणाचं तुला त्याने सांगितलं की नाही, मला नाही विचारायचं.

पण तुमच्या या चांगुलपणाने घात होतोय, एमेट. परवा तो गावगप्पा छापणारा क्रँडल मला लिफ्टमध्ये भेटला. दात कोरत म्हणाला, “हॅटी, प्रॉक्टरच्या बायकोवरचे विनोद बंद झाले आणि पाठोपाठ घटस्फोटाची बातमी आली. आता कर्णे बंद झालेत. सॉलीचे कान बरे आहेत ना?” मी म्हटलं, “कान बरे आहेत, तुझं छापलेलं वाचून डोळे तेवढे दुखतात.” तो हसला, पण माझ्याकडे बघत हसला. बिक्सबी रोज सकाळी अंड्याबरोबर क्रँडल वाचतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्रीडा सांगते, दर बुधवारी सॉली रेडिओच्या पेटीला कान चिकटवून बसतो, प्रॉक्टर बहिरा कधी म्हणतोय त्याची वाट बघत. कार्यक्रम संपला की म्हणतो, “आजही बहिरा म्हणाला नाही. म्हणजे त्याला खरंच कळलंय.” आणि जेवत नाही. तेव्हा एवढं कर. सोमवारी डेलीत भेटेपर्यंत थांबू नकोस, हा बुधवार दवडू नकोस. आपला नियम एकदाच मोड. तो बँडचा विनोद परत घाल, कर्ण्याचा घाल, याहून जहरी सुचला तर तोही घाल. जोवर प्रॉक्टर त्याला बहिरा म्हणतोय तोवर या देशात कोणाला खरं वाटणार नाही. आणि प्रॉक्टरला सांग, म्हणताना ओरडून म्हण. सॉलीला ऐकू गेलं पाहिजे.

तुझीच, अजून जिला तुझा पुरता भरवसा नाही अशी,
हॅटी