शेवटच्या बाकावरचा पाहुणा

जिंतूर, १२ ऑगस्ट १९७६

प्राचार्य म्हणाले, "आणीबाणी आहे, ते चेटकिणींच्या खटल्याचं नाटक गुंडाळा." मी आज वर्गात ते शिकवलंच. शेवटच्या बाकावर एक अनोळखी सफारीवाला लिहून घेत होता. पोलिसांचाच माणूस, दुसरं कोण?

खेड्यातून एस.टी.नं येणारी सुमन उठली. "सर, न्यायाधीशापुढं खोटं कबूल केलं असतं तर नायक फाशीतून वाचला असता ना?"

"वाचला असता."

"माझ्या मावशीलाबी गावातले म्हणले, करणी करतीस, कबूल कर, सोडून देतो. लय मारलं. तिनं न्हाई केलं कबूल. अजून त्याच गावात ऱ्हाती."

शेवटच्या बाकावरचा लिहिणारा हात थांबला. भीती वाटली का मला? सकाळी वाटत होती. सुमन बोलल्यावर नाही. उद्या तो पाहुणा आलाच, तर कबुली मागणाऱ्या न्यायाधीशाचे संवाद त्यालाच वाचायला लावणार. मोठ्यानं.