बिल्डिंगमधले अंकल

अल् घुब्रा, मस्कत
१२ मार्च २०१६

ती. दादास कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची शुगर कशी आहे? आम्ही तिघं बरी आहोत (हिचा खोकला सोडून).

आमची प्रियांका हल्ली बेसबॉल खेळते. हसू नकोस. आमच्या बिल्डिंगमध्ये लाउ म्हणून गृहस्थ आहेत. आईवडील चिनी, जन्म अमेरिकेतला, नोकरी इथे अल् खुवैरला. शुक्रवारी सकाळी पोरींना जमवून ते हा खेळ शिकवतात. काल एक भिडू कमी पडला, आणि मी (गावच्या संघाचा माजी कप्तान, पोट वजा केलं तर अजून तोच) पुढे झालो.

चेंडू मी असा हाणला की तो थेट मैदानाच्या कडेला उभ्या ट्रकापलीकडे. इथवर अब्रू शाबूत होती. पण या खेळात फटका मारला की बॅट टाकून उजव्या कोपऱ्यातल्या गादीकडे पळतात. मी बॅट घेऊन सरळ समोर, चेंडू टाकणाऱ्या पोरीच्या अंगावर! ती किंचाळून बाजूला झाली. मी बॅट टेकवली आणि दुसऱ्या धावेसाठी वळलो. सगळे ओरडत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय. तिसऱ्या धावेला तोंडावर आपटलो आणि पँट मागून उसवली.

एका पोरीने प्रियांकाला इंग्रजीत विचारलं, "हे कोण गं?"

"आमच्या बिल्डिंगमधले अंकल," आपली प्रियांका म्हणाली.

मी ऐकलं. लाउंनीही ऐकलं. ते शेजारी येऊन बसले, पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाले, "माझ्या वडिलांची तिकडे लाँड्री होती. एकदा माझी मॅच बघायला आले आणि चिनीत ओरडायला लागले. मी मित्रांना सांगितलं, हा माणूस आमचे कपडे धुतो."

"मग?"

"ते पुन्हा कधी आले नाहीत. मी खेळून खेळून पक्का अमेरिकन झालो. शेवटी हॉस्पिटलात ते मला काहीतरी सांगत होते. नर्स विचारत होती, काय म्हणतायत? मला कळलंच नाही."

मी बाटली परत दिली.

परतताना गाडीत, घराजवळ आल्यावर, प्रियांका (मराठीत, आपणहून!) म्हणाली, "बाबा, मी खोटा बोलली."

आणि मी, शहाण्याने, काय म्हणावं? "खोटा नाही. खोटं. खोटं बोलले."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. रात्री जेवली नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. पँटचं वहिनींना सांगू नकोस.

ता. क. आणखी एक. तेलाचे भाव पडल्यापासून इथल्या कंपन्या माणसं कमी करतायत. गेल्या आठवड्यात माझंही पत्र आलं. जूनमध्ये आम्ही कायमचे परत येतोय. चिपळुणात तुझ्या जवळपास दोन खोल्या बघ, आणि प्रियांकासाठी शाळा. तिला अजून काही माहीत नाही. येत्या शुक्रवारी फोन कर आणि तूच सांग. मला मराठीत सांगवत नाही, आणि एवढं सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नाही.