फॉर्मवरची दुसरी सही

५ जानेवारी
औशाला आले. अप्पांचं खाणं सुटलंय. दोन चमचे ताक घेतलं, तिसऱ्याला तोंड फिरवलं. इतका हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही, मी सोडून. अण्णानं दुकान बंद ठेवलंय, दिवसभर बापाच्या उशाशी बसून असतो.
दुपारी अण्णा जेवायला उठला तसं अप्पांनी मला खुणेनं बोलावलं. "नंदे, कागद आणलीस का?" कागद म्हणजे देहदानाचा फॉर्म. तीन वर्षांपूर्वी नांदेडला माझं व्याख्यान झालं, माझ्याकडं राहायला आलेले अप्पा पहिल्या रांगेत बसले होते, आणि संपल्यावर सगळ्यांच्या आधी उठून यांनीच फॉर्म मागितला. खाली अप्पांची सही, शेजारी 'जवळचे नातेवाईक' म्हणून माझी.
"पर्समध्येच आहे," म्हटलं.
"आन गळ्यातलं लिंग काढून तुझ्यापाशी ठेव. ते काय त्या पोरांच्या शिकायचं न्हाई." स्वतःच हसले. मीही हसले.
अण्णाला अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी
आजही नाही सांगितलं. वहिनी चहा देताना म्हणाली, "मठातल्या स्वामींना कळवून ठेवावं का, ताई?" मी म्हटलं, बघू.
अकरा वर्षं नांदेडच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी करते. लोकांना काय सांगते? "फॉर्म भरला की आधी घरच्यांना सांगून ठेवा, ऐनवेळी गोंधळ नको." पाठ झालंय ते वाक्य. झोपेतही म्हणेन.

९ जानेवारी
अप्पा गेले. सकाळी सव्वासातला.

११ जानेवारी
लिहून टाकते. नाहीतर उद्या मीच वेगळं काहीतरी आठवायला लागेन.
साडेसातपर्यंत भावकी जमली. आठला स्वामी आले. आल्या आल्या म्हणाले, अंग ताठायच्या आत बसवून घ्या. आम्हा लिंगायतांत माती देतात ती बसवून, मांडी घालून. मी पर्स घेऊन मागच्या खोलीत गेले. लातूरच्या कॉलेजचा नंबर काढला. गाडी तासाभरात येते, हेही मीच लोकांना सांगत असते. नंबर लावला नाही. एका हातात फोन, एका हातात फॉर्म. तेवढ्यात अण्णा दारात. डोळे सुजलेले.
"नंदा, अप्पांचं रेशमी धोतर कुठल्या पेटीत असंल गं?"
"मधल्या," म्हणाले. फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. अप्पांच्या शेवटच्या इच्छेबद्दल त्यांची लेक बोलली ते एवढंच.
धोतर नेसवून बसवलं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचे हार. नेलं. मीही गेले. खड्ड्यात उतरवल्यावर स्वामींनी डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं. ते माझ्यापाशी राहायचं होतं. मग मीठ, बेल, विभूती, माती. मूठभर माती मीही टाकली.
अण्णानं अडवलं असतं, लोक काय म्हणाले असते, हे सगळं मी स्वतःला दोन दिवस सांगून बघितलं. पण अण्णाला विचारलंच नाही तर तो अडवणार कसा? मला भीती त्याची नव्हतीच. भिंतीला टेकून बसलेले अप्पा बघितले आणि वाटलं, हे असंच बरं. दुसऱ्याचा बाप टेबलावर चालतो. माझा नको.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१९ जानेवारी
नांदेड. आजपासून ड्यूटी. शाहीन सिस्टर डबा घेऊन येऊन बसली. ती नेत्रपेढीत आहे, आमच्या खोल्या शेजारीशेजारी. तिसऱ्या दिवशी औशाला भेटायला आली होती, म्हणजे तिला सगळं माहीत. "जेवा मॅडम, तोंड बघा कसं झालंय," एवढंच.
टेबलावरच्या काचेखाली त्या व्याख्यानाचं कात्रण आहे, अप्पा फॉर्म भरताना. त्यावर रजेच्या अर्जाची प्रत ठेवली.

२२ जानेवारी
आज जे केलं ते औशापेक्षा वाईट.
गंगासागर आली होती. लोह्याजवळच्या खेड्यातली. तिच्या नवऱ्यानं, दिगांबरनं, माझंच व्याख्यान ऐकून फॉर्म भरला होता. मागच्या फेब्रुवारीत तो इथंच वॉर्डात गेला. सासू नको म्हणत होती, दीर नको म्हणत होता, आणि गंगासागर मधे उभी राहून नुसती माझ्याकडं बघत होती. तिला बाजूला घेऊन मी म्हटलं होतं, "माझ्या वडिलांचापण फॉर्म भरलाय. वेळ आली की मी स्वतः देणार." तेवढ्या बोलण्यावर तिनं सही केली.
आज काही कामाला नव्हती आली, अप्पा गेल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणून भेटायला आली. पिशवीत हरभऱ्याची भाजी. बसली, डोळे पुसले. मग म्हणाली, "बाई, अप्पांचं दिलं का मग?"
"हाव."
विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही, इतक्या पटकन म्हणाले. शाहीन कपाटापाशी उभी होती. तिनं ड्रॉवर लावला आणि बाहेर गेली.
गंगासागरचा चेहरा एकदम उजळला. "लई बरं झालं बाई. आत्याबाई वर्षभर म्हणून राहिल्यात, माझ्या लेकाला कापायला दिलीस, त्याला अग्नी न्हाई, अस्थी न्हाई, त्यो भटकून राहिलाय. म्हैस आटली तरी माझ्यामुळं. दीर म्हणतेत, माहेरी जा. आता मी सांगते, बाईनंबी सख्ख्या बापाचं दिलंय म्हणून."
भाजी घरी नेली. निवडून ठेवली. केली नाही.

३० जानेवारी
कॉलेजात परिसंवाद. जैवनीती आणि स्थानिक संस्कृती, असं काहीतरी लांबलचक नाव. बाहेरून एक सर आले होते. गेलेल्या माणसाचा शब्द मोठा की मागं राहिलेल्यांचा, यावर छान बोलले. नंतर म्हणाले, खेड्यातलं अज्ञान हीच आपल्याकडची मुख्य अडचण. माना हलल्या. माझीही हलली असेल.
खेड्यातल्या बाईनं दिलं ना पण. सासूशी भांडून दिलं. एमएसडब्ल्यू झालेलीनं नाही दिलं. हे उठून म्हणायला काय झालं होतं?
चर्चेत शरीररचनाशास्त्राच्या मॅडमनी माझ्याकडं हात केला, "आमच्या महानंदाताईंनी तर स्वतःच्या घरापासून सुरुवात केली." टाळ्या. मी उठून नमस्कार केला. नमस्कार करायची काय गरज होती, देव जाणे.

८ फेब्रुवारी
गंगासागरचा फोन. २१ तारखेला दिगांबरचं वर्षश्राद्ध. दीर म्हणतो तिनं त्या दिवशी चुलीजवळ फिरकायचं नाही, पंगतीला वाढायचं नाही. "तुम्ही या बाई. चार माणसांत एकदा सांगा तुमच्या अप्पांचं. तुमचं ऐकतेत लोक. मंग मला कुणी काय म्हणणार न्हाई."
येते म्हणाले. न जाऊन कसं चालेल? मीच तिला यात घातलंय.

९ फेब्रुवारी
शाहीनला त्या फोनचं सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला.
"मॅडम, माती तर आमच्यातबी देतेत. शरमेची गोष्ट नाही ती. शरमेची ती दुसरी आहे."
"खरं सांगितलं तर तिचा आधार जातो, शाहीन."
"आणि खोट्याचा आधार किती दिवस टिकंल? औसा काय लंडनला आहे का? उद्या कुणीतरी लातूरहून येईल न् सांगंल."
मग म्हणाली, तिला एकटीला आधी सांगा. बरोबर होतं. मी मान हलवली.

१४ फेब्रुवारी
फोन हातात घेतला. गंगासागरनं उचलला, मागं गिरणीचा आवाज. "बाई, तुमच्यासाठी वेगळं बिनतिखटाचं करते, डॉक्टरनं सांगितलंय न्हवं तुम्हाला." मी म्हटलं, कशाला त्रास. ठेवला.
घाबरट आहे मी. सरळ घाबरट.

२० फेब्रुवारी
उद्या जायचं. काय बोलायचं ठरवलं नाही. व्याख्यान असतं तर कालच कागदावर मुद्दे काढले असते.

२१ फेब्रुवारी
एसटीनं लोह्याला, तिथून टमटम. अंगणात मांडव, फोटोला हार. गंगासागर खरंच चुलीपासून लांब, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. मला बघून पदर सारखा केला आणि पुढं आली, माझ्या हाताला धरून सगळ्यांमधून नेलं. मीच तिची साक्षीदार.
दीर म्हणाला, "या मॅडम, बोला काय बोलायचं ते." वीसेक माणसं. मी सुरुवात केली, शिकणाऱ्या मुलांना किती उपयोग होतो वगैरे. तोंड आपलं चालतं, सवय आहे. तेवढ्यात म्हातारी, दिगांबरची आई, काठी टेकत आली आणि माझ्यासमोर खालीच बसली. मला वाटलं, शिव्या देणार. बरं झालं असतं.
"बाई," म्हणाली, "सून म्हणती, तुझा बापबी तिथंच हाय. माझ्या लेकाच्या शेजारीच ठिवलाय का त्येला? दोघं असले तर मला जरा बरं वाटतंय. ह्यो लहानपणापासून एकला झोपत नव्हता."
काय करणार होते मी? तिला हाव म्हणता आलं नाही.
"आजी, माझे वडील तिथं नाहीत. त्यांची इच्छा होती, फॉर्म होता. मी दिलं नाही. आम्ही माती दिली. तुमच्या सुनेशी मी खोटं बोलले."
कुणी ओरडलं नाही. दीर फक्त गंगासागरकडं बघून हसला, वाईट हसला. म्हातारी बोट मातीत फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हंजे माझा एकलाच हाय."
फॉर्म काढून दाखवला, कशासाठी कोण जाणे. कुणी हातात घेतला नाही.
पंगत बसली. गंगासागरनं मला वेगळं बिनतिखटाचं वाढलं. तेवढं एक ताट तिला वाढू दिलं. मी जेवले. काय चव होती आठवत नाही.
टमटमपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "गंगासागर, माझं चुकलं. पण खरं सांगायलाच पाहिजे होतं."
"मला सांगायचं होतं बाई," म्हणाली. "मला एकटीला. मंग मी तुम्हाला बोलावलंच नसतं. माझं मी बघितलं असतं."
टमटमवाला हॉर्न वाजवत होता. तिनं माझी पिशवी आत ठेवली.

२६ फेब्रुवारी
चार वेळा फोन केला. वाजतो, उचलत नाही.
काल अण्णाला फोन करून फॉर्मचं सांगितलं. मग म्हणाला, "मला विचारायचंस तरी." म्हणजे दिलं असतं का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

३ मार्च
दुपारी अनोळखी नंबर. म्हातारी. दिराच्या मोबाईलवरून, शेजारच्या पोरीकडून लावून घेतलेला.
"आजी, गंगासागर कुठं आहे? तिला द्या ना."
"रानात गेलीय." खरं की खोटं, कळायला मार्ग नाही. मी पुन्हा विचारलं, बरी आहे ना? तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.
"मी त्याच्यासाठी लावला. तू तिथंच असतीस न्हवं रोज?"
"हो."
"मंग तुझा बाप न्हाई तर न्हाई. तू जात जा त्याच्यापाशी अधूनमधून. नाव घिऊन बोल. दिगांबर म्हण. घरात दिगू म्हणत होतो." आणि फोन कट.
देह ठेवतात तो हॉल माझ्या ऑफिसच्या मागच्याच इमारतीत आहे, तळमजल्याला. अकरा वर्षं दारापर्यंत जाते, कागद देते, पोच घेते आणि परत येते. आत एकदाही गेलेले नाही.