शाळेत कोणीच एकटं नाही

३ जुलै
हेडबाईंनी मला शाळेच्या समावेश समितीचा चेअरमन केलं. उशिरा का होईना, माझी किंमत कळली. संकल्प: शाळेत कोणीच एकटं राहणार नाही. पोस्टर माझ्याच अक्षरात. स्टाफरूममध्ये बूड टेकवत नव्हतं, नुसत्या येरझाऱ्या.

५ जुलै
जेवताना लेकीला खोदून खोदून विचारलं. सातवीत आहे, आमच्याच शाळेत, म्हणजे बातम्या घरपोच. वर्गातली नवीन मुलगी अडखळत बोलते, दोघीजणी तिची नक्कल करतात म्हणे. वा! हेच तर हवं होतं.

६ जुलै, सकाळी
प्रार्थनेनंतर त्या दोघींना सगळ्या शाळेसमोर उभं केलं. नवीन मुलीलाही पुढे बोलावलं. ती रडली. आनंदानेच असणार. माझ्या मुलीने सांगितलं, हेही सांगून टाकलं. दुसऱ्याचं श्रेय लाटणं माझ्या स्वभावात नाही. टाळ्या पडल्या. सुरुवात मला करावी लागली.

११ जुलै
लेकीचा डबा रोज भरलेला परत येतोय. ही म्हणते, अहो, जरा लक्ष घाला. भाजी आवडत नसेल, दुसरं काय. मला वेळ कुठाय? पंधराला समितीच्या उद्घाटनाला पाहुणे येणार, भाषण अजून अर्धंच झालंय, जीव नुसता टांगणीला. लेकीकडे ताज्या बातम्या मागितल्या, तर म्हणते, मला आता काही कळत नाही. वयच तसलं.

१४ जुलै
लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत एक मुलगी रोज एकटी येऊन बसते, वर्गात कोणी तिच्याशी बोलत नाही. कोण, विचारलं, तर म्हणे, सर, तुम्हीच येऊन बघा. बोलण्यात खोच होती. समितीत घेतलं नाही ना! असो. उद्या त्या मुलीला पाहुण्यांसमोर स्टेजवर आणणार.

१५ जुलै, मधली सुट्टी
पुष्पगुच्छ घेऊन गेलो. कपाटामागच्या टेबलाशी पाठमोरी बसलेली. रिबन ओळखीची वाटली. सकाळी मीच शोधून दिली होती.
आमचीच.
भाजी आवडली नाही का, असं विचारलं.
"बाबा, मी ते फक्त तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.
शेजारची खुर्ची ओढली, तर हळूच म्हणाली, इथे नको बसू, कोणी बघितलं तर अजूनच बोलणार नाहीत.
पलीकडच्या टेबलावर जाऊन बसलो. घंटा होईपर्यंत तिथेच.
भाषण रद्द. घसा बसलाय, असं हेडबाईंना कळवलं.