आईच्या हाकेचं भिरभिरं

३ तारीख, सोमवार
नवं घर एकदम झकास! दोनच खोल्या, पण आईच्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाला खिडकी मिळाली. सामानवाल्याने विचारलं, आईला दिसत नाही, तुला ऐकू येत नाही, तुमचं चालायचं कसं? (मी ओठ वाचतो.) मी म्हटलं, बघ तरी. तो दचकून मागे सरला. तीन वर्षांपूर्वी तापात कान गेले, तेव्हापासून माझा आवाज म्हणे फाटका येतो. आई त्याला घाबरायची, म्हणून तिच्याशी बोलणंच सोडलं. तिच्या तळहातावर अक्षरं गिरवतो.

४ तारीख, मंगळवार
मोडक्या टेपरेकॉर्डरची छोटी मोटर कामी आली. आईच्या उशाशी माइक, दाराखालून वायर, माझ्या टेबलावर मोटर आणि तिच्या दांडीला कागदी भिरभिरं. आवाज झाला की मोटर चालू, थांबला की बंद. आईच्या "सोन्या" या हाकेला जेमतेम एक फेरा. आता तिची हाक चुकायची नाही. मी जाम खूश आहे.

७ तारीख, शुक्रवार
दुपारी भिरभिरं थांबेचना. धावत गेलो. आई एकटीच, ओठ मिटून मान डोलावत होती. कोण होतं, असं तळहातावर लिहिलं. ती म्हणाली, असं काय विचारतोस, आत्ता तूच तर बोलत होतास.
रस्त्याचा आवाज असेल. स्क्रू पिळून माइकचा जोर कमी केला, खिडकी लावली. तरी कामात लक्ष लागेना. एकच घड्याळ तीनदा उघडलं.

९ तारीख
पुन्हा. सलग दहा मिनिटं. आई म्हणते, किती दिवसांनी तुझा तो जुना आवाज ऐकला, जीव निवला रे.
तिच्याशी मी तीन वर्षांत एक शब्द बोललेलो नाही.

१० तारीख
पलंगाखाली, कपाटात, दारामागे पाहिलं. कोणी नाही. मला भीती वाटते आहे. आईच्या हातावर लिहिलं, तो मी नाही. तिने हात ओढून घेतला. म्हणाली, तोही तुझ्याबद्दल हेच सांगतो.

११ तारीख, सकाळ
उद्या घर सोडायचं. सामानवाल्याला चिठ्ठी पाठवली. आईला माझ्या खोलीत आणून बसवलं. तिची खोली रिकामी, तरी भिरभिरं फिरतंय — आई तिकडेच कान लावून —

दुपार
पाणी आणायला गेलो, दोनच मिनिटं. आई खुर्चीत नाही. तिच्या खोलीचं दार आतून बंद. कडी पार वर, चौकटीच्या टोकाला — तिचा हात तिथे पुरतच नाही.
खांद्याने धक्के दिले. दार हलत नाही. शेवटी तोंड उघडून ओरडलो, आई, मी सोन्या! टेबलावर भिरभिरं फिरलं. माझ्याच आवाजाने. थांबलं.
भिरभिऱ्यावरून नजर हलवत नाही. पेन नुसतं चालतंय —
फिरलं. जेमतेम एक फेरा. आईचीच हाक. पण मला, की त्या —