हयद गेली डोयात

आबा,

उद्या सकाळच्या गाडीने मी पोरीला नागपूरला पाठवतो आहे. तिथल्या कॉलेजात ती कार्टून करायला शिकणार आहे. हो, कार्टूनच. तुम्ही ज्याला 'चितरं' म्हणत होते तेच. काल संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले आणि तुमचं नाव घेऊन मला अडवू लागले. "दादा असते त तंगडं तोडलं असतं तुह्यं. पोरीनं नर्सिंग करावं, मास्तरीन व्हावं. चितरं काढाले कोनी नागपूरले जाते का बे?" मी म्हणालो, आबा असते तर त्यांना काय सांगायचं ते मी त्यांनाच सांगितलं असतं. काका हसले. "जितेपनी कधी तोंड उघडलं नाही, आता उघडतं का?" ते उठून गेले, पण हे बोलणं इथेच राहिलं. आज सकाळी मारुतीला पाणी घालून आलो, देवापुढे दिवा लावला आणि लिहायला बसलो. जितेपणी नाही उघडलं ते खरं आहे. आता उघडतो.

एक रविवार तुमच्या लक्षातही नसेल. मी अकरा वर्षांचा होतो. गावात टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्याच्या घरी, आणि रविवारी सकाळी त्याच्यावर कार्टून लागायचं. त्या दिवशी कपाशीला डवरणी होती, ओळींमधलं तण काढायचं होतं, बैलांच्या पुढे चालायला मी तुम्हाला हवा होतो. मी "बाहेर जाऊन येतो" म्हणून पाण्याचा डबा उचलला आणि डब्यासकट दुकानवाल्याच्या घरी जाऊन बसलो. डबा तेवढा दाराबाहेर ठेवला. माझी अक्कल ती एवढीच. तुम्ही शोधत आले, दाराशी आपला डबा पाहिला आणि आत आले. तेव्हा पडद्यावर हत्तीचं एक पिल्लू होतं. ज्या म्हाताऱ्या हत्तिणीने त्याला वाढवलं ती कुठे दिसत नव्हती. नदीच्या काठाला चिखलात तिच्या पायाचा ठसा उमटलेला, त्यात पाणी भरलेलं. पिल्लू आपला एवढासा पाय त्या ठशात ठेवतं आणि नुसतं उभं राहतं. बोलत नाही, ओरडत नाही. मला रडू फुटलं होतं आणि ते थांबत नव्हतं. दारात तुम्ही उभे, हातात काठी. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही दहाबारा माणसांसमोर म्हणाले, "सोताच्या आजीच्या मैतीले याच्या डोयातून टिपूस नाही निंघाला, अन् चितरातल्या हत्तीसाठी रडून राह्यला, पाहा!" सगळे हसले. दुकानवाल्याची बायकोही हसली. त्यानंतर शाळेत, पारावर, शेतात, जो भेटे तो विचारायचा, "काबे, हत्ती मेला काय?" लग्नाच्या वरातीतही एकाने विचारलं. गावाला असल्या गोष्टी विसरता येत नाहीत.

अडतीस वर्षं मी याच्यावर गप्प राहिलो. आता ऐका. आजीच्या मैतीला मी रडलो नाही, कारण तुम्ही मला रडू नको म्हणाले होते. अंगणात माणसं जमली, बायकांचा आक्रोश सुरू झाला आणि गोठ्यात बैल बुजले. तुम्ही दोन्ही कासरे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "हे सोडू नको. तू आता मोठा झाला. रडू नको, बैल अजून बुजतीन." मी सोडले नाहीत. आजीला उचलून नेलं तेव्हाही मी गोठ्यात कासरे धरून उभा होतो, तळहाताची साल निघाली होती. मला तिचं तोंड पाहायलाही मिळालं नाही. माणसं नदीवरून परत आली, तुम्ही कासरे घेतले आणि कोणी मला म्हटलं नाही की आता रड. ते रडणं कुठे जाणार होतं आबा? सहा महिने ते तसंच राहिलं आणि त्या पिल्लाने पाय ठशात ठेवला तेव्हा बाहेर पडलं. मी हत्तीसाठी रडत नव्हतो. तुमच्या आईसाठी रडत होतो. तुम्ही मला तिथून कान धरून उठवलं, ते तुमच्या आईच्या मैतीतून उठवलं.

आणि चित्र खोटं असतं, हे तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणाले? तान्ह्या पोळ्याला तुम्ही मला लाकडाचा बैल करून दिला होता. बाभळीचा, चार चाकांचा, डावं शिंग थोडं आखूड. पोरांच्या पोळ्यात तो ओढत नेण्याआधी तुम्ही त्याच्यापुढे पुरणाची पोळी ठेवायला लावली. एकदा मी घाईत त्याला ओलांडून गेलो तर पाठीत धपका बसला. मी म्हणालो, लाकूडच तर आहे. तुम्ही म्हणाले, "बैल हाये थो." मग चित्रातला हत्ती हत्ती काहून नव्हता? श्रावणात देवळात मी आता पोथी वाचतो, तुमच्याच जागेवर बसून. पोथीत पाखरू बोलतं, गाय बोलते, म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात. तुम्हीही मान हलवायचे. कागद आहे म्हणून कोणी कोणाचा कान धरत नाही. ज्या देवाने दगडात उभं राहायला कमीपणा मानला नाही, तो रंगीत पडद्याला भिऊन मागे फिरत असेल असं मला वाटत नाही. हे मी देवळात कोणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतो.

आता तुमचा दुसरा दिवस. मी तेरा वर्षांचा. त्या श्रावणात आपल्या पांढऱ्या बैलाला पान लागलं, साप डसला, बांधावरच गेला. गावातल्या जाणत्याने साप कोणता ते सांगितलं, तुम्ही ऐकलंही नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळणी. जू ठेवून ठेवून कडक झालेला बैलाचा खांदा तूप-हळद लावून चोळायचा आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. गोठ्यात एकटा तांबडा. तुम्ही त्याचा खांदा चोळला आणि सवयीने शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे वळून दोघांनाही म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि थांबले. मी वाटी धरून होतो. विचारलं, "आबा, रडून राह्यले का?" तुम्ही म्हणाले, "नाही बे. हयद गेली डोयात." मी पाणी आणायला पळालो. मला खरंच वाटलं. कितीतरी वर्षं खरं वाटलं. तुमच्यामागे मी स्वतः खांदमळणी करू लागलो तेव्हा एकदा हळदीचं बोट खरोखर डोळ्याला लागलं आणि माझ्या ध्यानात आलं. हळद गेली तर एका डोळ्यात जाते. तुमचे दोन्ही वाहत होते.

हे समजल्यावर मी शहाणा व्हायला पाहिजे होतं. झालो नाही. गेल्या वर्षी पोर बारावीच्या तोंडावर मोबाइल घेऊन माजघरात बसली होती, डोळे सुजलेले. मला वाटलं काही झालं. वाकून पाहिलं तर कार्टून. आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, आबा, शब्द न् शब्द तुमचा. "चितरासाठी रडून राह्यली? घरचं कोनी मेलं तेव्हा त रडली नाही!" घरचं कोणी मेलंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुमाले काय समजते बाबा." त्यानंतर मी आलो की ती मोबाइल उलटा ठेवायची. वर्षभर. घरात एक दार बंद झालं आणि कडी मी लावली होती. बायको म्हणाली, "माफी मांगा न पोरीले." बापाने पोरीची माफी कशी मागायची हे मी कुठे पाहिलं नव्हतं. शेवटी या उन्हाळ्यात, कॉलेजचा फॉर्म भरायचा म्हणून ती सही मागायला आली, तेव्हा मी म्हणालो, "सही करतो. पन आंधी दाखव मले, काय पाहत होती ते."

मग रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं कूलरपुढे बसू लागलो. पहिल्या भागापासून. एक म्हातारं खडूस अस्वल डोंगरात एकटं राहतं. एका वादळात त्याच्या दारात बदकाचं पिल्लू येऊन पडतं. एवढीच गोष्ट. पिल्लू जाताना येताना दार उघडं टाकतं आणि अस्वल दर भागात एकदा तरी खेकसतं, "दार लाव!" बायकोला ते इतकं आवडलं की ती मलाही तसंच खेकसायला लागली. कधी पिल्लाने दार उघडं टाकलं म्हणून बर्फ आत येतो, कधी चोर कोल्हा येतो, एकदा अस्वलाचा रुसलेला जुना मित्र त्याच उघड्या दारातून आत येतो. अस्वल एकदाही मायेचा शब्द बोलत नाही. शेवटच्या भागात थंडी येते, बदकांचे थवे निघतात, पिल्लाला जावं लागतं. सकाळपासून अस्वल नुसतं चिडलेलं. पाय पुसले नाहीत म्हणून, पिशवी नीट भरली नाही म्हणून, चहा सांडला म्हणून. पिल्लू निघतं आणि जन्मात पहिल्यांदा, न सांगता, आपल्यामागे दार नीट लावून घेतं. अस्वल त्या बंद दाराकडे पाहत बसतं. मग उठतं, जातं आणि दार उघडून ठेवतं. बस. संपलं.

मग पोर म्हणाली, "हे समजाले आंधीचे सारे भाग पाहा लागतात बाबा. कोनी नुसता शेवटचा पाह्यला त त्याले वाटन, अस्वलाले गरम होऊन राह्यलं." बायको हसली, मी नाही हसलो. एका भागातून अस्वल कळत नाही. त्या एका दारासाठी ते कार्टून करणाऱ्या माणसांनी किती भाग वाट पाहिली असेल. आपल्या गावात कोणी कोणासाठी एवढं थांबत नाही. दारात एक डबा दिसला की निकाल. मी त्या दुपारी तिला माफ कर म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, पण म्हणालो.

हेही कबूल करतो की तुमचा मी एकच भाग घेऊन बसलो होतो, तो टीव्हीच्या दारातला. खांदमळणीचा भाग त्याला कधी जोडलाच नाही. पण त्याने तुमची सुटका होत नाही, आबा. तुम्हीही माझा एकच पाहिला आणि गावाला दाखवला. तुम्हाला पांढऱ्यासाठी रडता येत होतं, तर पोराच्या रडण्याचं चारचौघांत हसू करायला नको होतं. चूक तुमची होती. लहान नव्हती. मी तुमचा मान ठेवतो, रोज तुमच्या फोटोला हात जोडतो, आणि तरी लिहितो की चूक तुमची होती. काकांना सांगून पाहा तिकडून काय सांगायचं ते. पोर जाईल. माणसाला ज्याने रडू येतं ते करायला कोणालातरी शिकावं लागतं, आणि ते आपल्या घरातलं कोणी शिकलं तर मला त्याची लाज नाही. मी मात्र आता हळदीचं नाव सांगणार नाही. रडू आलं तर रडेन. उद्या स्टँडवर, सगळ्यांसमोर.

हे काल लिहून ठेवलं होतं. आज गाडी वेळेवर आली.

मोटारसायकलवर तिची बॅग पुढे, ती मागे, असे आम्ही निघालो तेव्हा काका आपल्या ओट्यावर तोंड फिरवून बसले होते. पोर ओरडली, "काकाआजोबा, येतो!" त्यांनी वळून पाहिलं नाही, हात तेवढा वर केला. हाकलायला की निरोपाला, मला कळलं नाही. महागावच्या स्टँडवर गर्दी होती, बाजाराचा दिवस. मी तिला खिडकीची जागा मिळवून दिली. मग खालून बोलत सुटलो. पाण्याची बाटली वर काहून ठेवली, चार्जर घेतला का, डोक्याला रुमाल बांध, कोणी दिलेलं खाऊ नको, आणि ती चप्पल कायले घातली, बूट होते ना. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अस्वल." तिने पिशवीतून तो लाकडाचा बैल काढून दाखवला, आखूड शिंगाचा. मला न विचारता घेतला होता. "याले मी पडद्यावर चालवतो तिथं," म्हणाली. "पुढल्या पोयाले पाहा." कंडक्टरने घंटी दिली.

तीस-चाळीस माणसं होती आजूबाजूला. आपल्या गावचेही दोघे होते, सोयाबीनचं विचारायला आलेले. गाडी हलली तशी ती खिडकीतून वाकून म्हणाली, "बाबा, रडून राह्यले का?"

मी काल तुम्हाला काय काय लिहिलं ते वर आहे. एकही शब्द खोडत नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो. मी म्हणालो, "नाही व. हयद गेली डोयात." सकाळपासून मी हळदीला हातही लावला नव्हता.

ती हसली. "दोन्ही डोयात?"

मी हो म्हणालो.